हन्यानीची टोपी

चिरोवा, २२ ऑगस्ट १९९३

एलिफास,

माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये, हे पहिल्या ओळीतच सांगून टाकते. तुझ्या बापाच्या दफनाला मी त्याचा कोट चढवला, त्याची टोपी घातली, त्याच्यासारखी खोकत खोकत शवपेटीभोवती फिरले आणि तुझ्या शहरी पाहुण्यांना म्हणाले, "माझ्या पोराला माझी लाज वाटते हो, पेटीला जरा इस्त्री करून घ्या!" मयतीला आलेलं सगळं गाव हसलं. रडून डोळे सुजलेली तुझी आत्यासुद्धा हसली. फक्त तू उठलास, माझ्या डोक्यावरची टोपी काढून घेतलीस आणि न जेवता गाडीत बसून निघून गेलास.

बुलावायो शहरात चर्चची पाळकी करता करता विसरला असशील म्हणून सांगते. मी तुमची साहविरा आहे. तुझ्या पणजोबापासून तुमच्या घरच्या मढ्याला माती आम्ही देतो आणि आमच्या घरच्या मढ्याला तुम्ही. मेलेल्याची नक्कल करून त्याला शेवटचं गावात हिंडवायचं, हे माझं काम. जिवंत असलेल्याला तोंडावर खरं सुनवायचं, हेही माझंच. त्याचा राग धरायचा नसतो. तू धरलास. खुशाल धर, माझं काही अडत नाही.

अडलंय ते बंधाऱ्याचं.

मागल्या दुष्काळात शेवटच्या गाई मेल्या तेव्हा गावचा पाटील म्हणून हन्यानी म्हाताऱ्याने ओढ्यावर भिंत घालायला घेतली, हे तुला माहीत आहे. दोन्ही काठांकडून भिंत आली आणि मधे खिंडार राहिलं. तेवढ्यात म्हातारा गेला. त्यानंतर कुणी तिथे दगडावर दगड ठेवलेला नाही. तुझ्या चर्चच्या विकास समितीने सिमेंट पाठवलं, त्याबद्दल देव तुमचं भलं करो. पण सिमेंट घेऊन आलेला तो चष्मेवाला गृहस्थ म्हणाला, कामावर बिअर चालणार नाही, प्रार्थना करून काम सुरू करा. आम्ही प्रार्थना केली. चांगली लांबलचक केली. डोळे उघडले तर ओढ्यात मी, शेजारची नेत्साई आणि एक गाढव.

लोक आळशी नाहीत रे. बिअर पाजून सगळ्या गावाला कामाला लावायची इर्जिक बोलवायची ती घरधन्याने. हन्यानीच्या भिंतीला हन्यानीच्या घरातूनच हाक आली पाहिजे. आणि त्या घराला आज धनी कुठे आहे? म्हातारा मरून वर्ष झालं, तरी त्याच्या आत्म्याला अजून कुणी घरात घेतलेलं नाही. थडग्यावर बिअर ओतून, हाक मारून, त्याला उंबऱ्याच्या आत आणायला थोरला मुलगा लागतो. तोवर तो बाहेर रानात आणि त्याचं नाव अजून कुणालाच मिळालेलं नाही. तुझा आत्येभाऊ लोव्हमोर सगळा विधी चालवायला तयार आहे, त्याचा तो मानच आहे. पण तो म्हणतो, "मावशी, मी हाक मारीन, पण मागे एलिफास उभा नसेल तर म्हातारा कुणाच्या घरात येईल?"

पाऊस यायच्या आत खिंडार बुजलं नाही, तर पहिल्याच पुरात दोन्हीकडची भिंत वाहून जाईल. तेव्हा ये. आणि येताना टोपी घेऊन ये, ती तुझी नाही.

तुमची साहविरा,
मायदेई


१९ सप्टेंबर १९९३

एलिफास,

तुझं पत्र बसच्या कंडक्टरने दिलं. चार ओळींचं पत्र आणि त्यातल्या तीन पवित्र शास्त्राच्या. चौथी काय, तर "डिसेंबरात येऊन वडिलांच्या कबरीवर दगड बसवू, उपासना घेऊ, बिअर आणि बैल नको." अरे, दगड बसव की! आम्ही कुठे नको म्हणतो? वरच्या आळीत तीन कबरींवर बसलेत. पांढरी चादर ओढतात, दगड दिसतो, बाया गातात, मला आवडतं. पण त्याआधी रात्रभर त्या तिन्ही घरांत बिअर झाली होती आणि माणूस आधी घरात आला होता. सकाळी पाळकांनी चादर ओढली. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तू मात्र आधीच सगळं विचारून बसतोस.

आणि डिसेंबरात काय उपयोग? तोवर भिंत ओढ्याच्या खालच्या अंगाला गाळात पडलेली असेल.

"अंधारातली कामं" असं लिहिलंस. ज्या चर्चमध्ये तुझा बाप्तिस्मा झाला त्याच्या विटा कशा पडल्या, ते विचारलंस कधी बापाला? पहिले गोरे पाळक आठवडाभर घंटा बडवत होते. विटा पाडायला चिटपाखरू आलं नाही. मग तुझ्या आजोबाने नाचणीच्या बिअरची मडकी चढवली, इर्जिक बोलावली आणि तीन आळ्या धावत आल्या. गोरे पाळक तेवढे दिवस भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे. माझी आई तेव्हा पाणी वाहायला होती, तिने मला सांगितलंय. इथे येऊन तू वेदीसमोर उभा राहतोस तेव्हा पाठीमागे जी भिंत असते ना, ती प्यालेल्या हातांनी पाडलेल्या विटांची आहे. एक वीट वाकडी नाही.

उलटंही सांगते, म्हणजे तू मला देवद्रोही ठरवणार नाहीस. गुरुवारी मातीला हात लावायचा नाही, हे आपलं जुनं, पूर्वजांचं. मिशनच्या बाईंनी पाहिलं की गुरुवारी बाया रिकाम्या असतात, तेव्हा महिला मंडळाची प्रार्थना गुरुवारी ठेवली. आज पोरींना वाटतं, गुरुवारी नांगर धरायचा नाही ही येशूची आज्ञा आहे. मी कुणाला सुधारत नाही. माझा लाल झगा आणि पांढरी टोपी घालून मी सगळ्यांच्या पुढे बसते आणि भोपळ्याचं खुळखुळं सगळ्यांपेक्षा जोरात वाजवते. मंडळाची शपथ घेतली तेव्हा म्हातारा मला म्हणाला होता, "माकडिणीला झगा शोभतो हो!" आमचं देवक माकड, तुमचं डोह, त्यामुळे त्याला तेवढा हक्क होता. त्या झग्यातच मला पुरायचं, हे मी नेत्साईला दहादा सांगून ठेवलंय.

काल भिंतीवर जाऊन आले. परवाही गेले होते. घरात बसवतच नाही. सिमेंटच्या पोत्यांना खालून ओल धरू नये म्हणून लाकडं सरकवली, पुन्हा काढली, पुन्हा सरकवली. ओढ्याची वाळू पांढरी झालीय आणि खिंडारातून पलीकडची झाडं दिसतात.

दिवस कळव. टोपी पाठव.

मायदेई


१० ऑक्टोबर १९९३

एलिफास,

उत्तर नाही. बरं.

तू उत्तर देत नाहीस म्हणून पाऊस थांबणार नाही. दुपारी पूर्वेकडे ढग चढतात आणि संध्याकाळी विरघळतात. लोव्हमोर म्हणतो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येत नाही. त्याला काय कळतं, त्याने दुष्काळाच्या वर्षीही हेच सांगितलं होतं.

तेव्हा आम्ही तुझ्यावाचून ठरवून टाकलं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, सहा तारखेला म्हाताऱ्याला घरात घ्यायचं. बैल ठरला, तो काळा, एका शिंगाचा, दुष्काळातून वाचलेला. शनिवारी तू थडग्याशी उभा राहा, नुसता उभा राहा, पाहिजे तर डोळे मिटून आपल्या प्रभूची प्रार्थना कर. म्हाताऱ्याला ऐकू येईल, तोही चर्चचा कारभारी होता. सोमवारी तुझ्या नावाने इर्जिक, आणि चार दिवसांत खिंडार बंद.

बिअर कोण करणार ते विचारू नकोस. पूर्वजांची बिअर पोरं व्हायचं वय उलटलेल्या बाईनेच करायची असते आणि ह्या गावातल्या तसल्या सगळ्या बाया लाल झग्यातल्या. पाळकबाईंनी गेल्या गुरुवारी बजावलं, "जिच्या चुलीवर मडकं चढेल, तिचा झगा मंडळात जमा होईल." पाळकबाई वाईट नाही. पाळक नवऱ्याबरोबर नवीन बदलून आलीय, वय तीस, गावाने आपल्याला गुंडाळू नये म्हणून घाबरून कडक वागते. तर बिअर कुणीतरी करेल. तू ये.

आणखी एक. तू लहानपणी ह्याच ओढ्यात बुडता बुडता वाचलास, तेव्हा बापाने तुला पायाला धरून उलटा केला होता आणि ओरडला होता, "डोह कुळीतला पोरगा आणि पाण्यात मरतोस? लाज नाही वाटत?" मी काठावर होते. मला हसू आवरेना आणि तो माणूस रडत होता. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. नक्कल करतानासुद्धा ते रडणं मी कधी केलं नाही.

मायदेई


२८ ऑक्टोबर १९९३

एलिफास,

आज गुरुवार. मी घरीच आहे.

बरं, सांगूनच टाकते, नाहीतर नेत्साईचा भाऊ बुलावायोला येतोय तो मीठमसाला लावून सांगेल. नाचणीला मोड आणण्यासाठी मी पोतं ओढ्याच्या झऱ्यात भिजत घातलं होतं. पोतं काय, कुणाचंही असू शकतं. पण ते पाठीवर घेऊन येताना पाळकबाईच समोर. म्हणाली, "मायदेई आजी, हे काय?" मी म्हणाले, "आंबिलीसाठी." ती म्हणाली, "एवढी आंबील?" मला एकदम कंटाळा आला बघ. साठी उलटलेल्या बाईने किती थापा मारायच्या? मी म्हणाले, "नाही बाई, हन्यानीसाठी."

झगा मी स्वतः धुऊन, इस्त्री करून नेऊन दिला. तिने घेतला आणि रडली. मी रडले नाही. घरी आल्यावर खुंटी मोकळी दिसली, तेव्हा थोडं झालं. आता खिडकीतून मंडळाचं गाणं ऐकू येतंय, खुळखुळं नीट वाजत नाहीये, तिसऱ्या ठेक्याला मागे पडतात.

ह्याचा तुझ्यावर उपकार नाही. तुझ्या बापाने मला शाळेत घातलं. माझा बाप म्हणत होता, मुलीला कशाला अक्षरं, आणि हन्यानीने त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या, साहविराच्या हक्काने. ही पत्रं मी लिहू शकते ती त्यामुळे. सगळ्या गावाची पत्रं लिहिते, आणि माझी स्वतःची ही पहिली. ज्याला लिहिते तो उत्तर देत नाही.

शनिवारी मडकी चढतील. बिअरला सात दिवस लागतात, ती आठव्या दिवसाची वाट बघत नाही, आंबून जाते. आता तुला थांबायला वेळ उरलेला नाही आणि मलाही. रात्री दोनदा उठून आकाश बघते.

मडकी मी ढवळीन, तू फक्त बसमध्ये बस.

मायदेई


७ नोव्हेंबर १९९३

एलिफास,

काल शनिवार होता. तू आला नाहीस. पण त्याआधी जे झालं ते नीट ऐक. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंस तर तुझा रक्तदाब चढेल.

बुधवारी लॉरी आली. लोकांना वाटलं तूच आलास, पोरं धावली. लॉरीत तू नव्हतास, तुझा दगड होता. काळा, गुळगुळीत, माझ्या खांद्याएवढा उंच. वर नाव, खाली जन्म, त्याखाली मृत्यू, सगळ्यात खाली वचन. ड्रायव्हर म्हणाला ओढ्यातून लॉरी नेणार नाही, आणि भिंतीजवळ काठावरच उतरवून निघून गेला. दगडाबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. पत्र शोधत मी ते सोडलं.

टोपी होती.

पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसती टोपी. मी ती मांडीवर घेऊन बराच वेळ काठावर बसले. तूच पाठवलीस, की तुझ्या बायकोने कटकट नको म्हणून टाकली, मला माहीत नाही. मी तूच पाठवलीस असं धरलं. आता नाही म्हणू नकोस.

गुरुवारी सकाळी वरच्या डोंगरावर आकाश काळं झालं. आपल्या इथे ऊन आणि तिकडे कोसळतोय. वरून पाणी यायला दुपार पुरे. सगळे दारात उभे राहून डोंगराकडे बघत होते आणि एकही माणूस हलत नव्हता. गुरुवार! मातीला हात लावायचा नाही, मंडळाची प्रार्थना, आणि घरातून हाक नाही. मी आत गेले, म्हाताऱ्याचा कोट घातला, टोपी घातली, काठी घेतली आणि दोनदा खाकरले.

मग आळीतून निघाले. दारादारावर काठी आपटली. "उठा! सूर्य काय माझ्या बापाचा नोकर आहे?" तुला आठवतं ना, कसं ओरडायचा? लोव्हमोर बाहेर आला तो आधी हसला आणि मग त्याचं हसू गेलं. "मामा," तो म्हणाला. मला नाही म्हणाला, टोपीला म्हणाला. "मामा, आज गुरुवार आहे."

"मातीला हात लावू नका," मी म्हणाले. "दगड उचला. दगड म्हणजे माती नव्हे. ह्या गावचा पाटील मी आहे का तू?"

"तुम्हीच, मामा."

"आणि सिमेंट?" कुणीतरी मागून विचारलं.

"ते दुकानातून येतं. दुकानाला कसला गुरुवार?"

लोक हसायला लागले, आणि हसता हसता ओढ्यात उतरले. धन्याने बोलावलं होतं ना. बिअर दोन दिवस कोवळीच होती, उघडायची ती शनिवारी थडग्यावर. लोव्हमोर मडक्यासमोर आडवा उभा राहिला. मी म्हणाले, "माझ्याच नावाची बिअर मला विचारून प्यायची, का मी तुला विचारू?" तो बाजूला झाला. भोपळ्याच्या पेल्यातली पहिली बिअर मी ओढ्यात ओतली, मग माणसांना.

तेवढ्यात प्रार्थनेहून मंडळ आलं. सगळे लाल झगे काठावर ओळीने उभे. पाळकबाई पुढे. माझ्याकडे बघितलं, मडक्यांकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं. नेत्साई तिला म्हणाली, "बाई, आपण पलीकडच्या काठाने काम करू. तिकडे बिअर नाही." पाळकबाईने चपला काढल्या. मग काय सांगू! अलीकडे ढोल आणि जुनी गाणी, पलीकडे खुळखुळं आणि भजनं, एकमेकांवर आवाज चढवत. पलीकडे ठेका चुकला की इकडचा ढोलवाला तो उचलून धरी, मुद्दाम, चिडवायला, आणि त्यांचा दगड आणखी पटकन वर जाई.

खिंडार हातभर राहिलं आणि पाण्याचा आवाज आला. सिमेंट ओलं होतं. लावलेले दगड सुटायला लागले. मोठं, सपाट, उभं काहीतरी लागत होतं पाण्याच्या अंगाला, आणि तसा दगड सगळ्या ओढ्यात एकच होता. सगळ्यांनी तो बघितला. मेलेल्या माणसाच्या दगडाला हात लावायचा म्हणजे सात पिढ्यांचं गाऱ्हाणं. ते मी सोडून दुसरं कुणी करू शकलं नसतं.

"माझा दगड," मी म्हणाले. "मी देतो. तुमच्या बापाचं काय जातंय?"

आठ जणांनी उचलला. त्यात पाळकबाईचा नवराही होता, तो कधी आला ते मी बघितलं नाही. अक्षरं पाण्याकडे करून उभा केला आणि मागून दगड, सिमेंट, पोती, माणसं, सगळं लावलं. पाणी आलं, तपकिरी, झाडांच्या फांद्या घेऊन. भिंतीला टेकलं. मी डोळे मिटले. भिंत राहिली, एलिफास.

आता तू मला काय वाट्टेल ते म्हण. तुझ्या दगडाची चादर कुणी ओढली नाही, उपासना झाली नाही. म्हाताऱ्याला घरातही घेता आलं नाही, कारण बिअर कामाला गेली आणि थडग्याशी उभा राहायला तू नव्हतास. बैल अजून चरतोय. तू माझ्या डोक्यावरून टोपी काढलीस तेव्हा मी तुझ्यावर चिडले नव्हते. मला दुःख झालं होतं. तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

मायदेई


२८ नोव्हेंबर १९९३

एलिफास,

पाऊस लागून राहिलाय. मी अजूनही दिवसातून दोनदा भिंतीवर जाते, आता कशासाठी ते मलाही सांगता येत नाही. बसवत नाही, एवढं खरं.

झगा परत आलेला नाही. पाळकबाई म्हणते तिला वरती विचारावं लागेल. विचारू दे. पण गुरुवारी ती स्वतः दारात आली, आत आली नाही, म्हणाली, "आजी, झगा नाही देता येत, पण खुळखुळं घेऊन मागच्या बाकावर बसा ना, बाया ठेका चुकतात." मी म्हणाले बघू. गेले.

मी मरेन तेव्हा मला माती तुलाच द्यायची आहे, आणि माझी नक्कलही तुलाच करायची आहे. झग्याचं काहीही होवो. आतापासून सराव कर, तुला हसवायला जमत नाही.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. पाणी चढतंय. पहिल्या आठवड्यात वचन बुडालं. मग मृत्यूची ओळ बुडाली. परवापासून पाणी तिथेच थांबलंय, सांडव्यावरून जातंय, आणखी चढणार नाही. आता काठावरून बघितलं तर दगडावर तुझ्या बापाचं नाव आहे, त्याखाली जन्माचं साल आहे, आणि त्याखाली पाणी. शाळेत जाणारी पोरं मोठ्याने वाचत जातात. काल एक पोरगी मला विचारत होती, "आजी, हन्यानी आजोबा कुठे राहतात?"

रानात, पावसात, बाहेर, असं तिला कसं सांगू?

नाचणी मी पुन्हा भिजत घातली आहे. ये, आणि त्याला घरात घे.

मायदेई